दुसरी टोपी

कतारमध्ये, दोह्यात मला सहा दिवस मिळाले होते. धाकट्या भावाला त्यात एकच सुट्टी होती, शुक्रवारची. तो एसी दुरुस्तीचं काम करतो आणि नजमा भागात एका खोलीत चौघांबरोबर राहतो. मॉल आणि समुद्र बाजूला ठेवून त्याने गाण्याच्या जागा ठरवल्या. "इथलं गावाकडचं गाणं दाखवतो तुला," म्हणाला.

निघताना त्याच्या खोलीतला रत्नागिरीचा ड्रायव्हर हसला. "घेऊन जा तुमच्या भावाला. आमच्याबरोबर ओल्ड एअरपोर्ट भागातल्या भजनाला येतो आणि चपला सांभाळत बसतो. टाळसुद्धा हातात घेत नाही."

हे मला नवीन होतं. आमचे वडील गावच्या भजनात पखवाज वाजवत. त्यांचा वाजवायचा हात आला तो धाकट्याला. मला ताल कधी धरता आला नाही. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हा त्याला रजा मिळाली नाही.

दुपारच्या नमाजानंतर संग्रहालय उघडलं. एका अंधाऱ्या दालनात मोती काढणाऱ्या खलाशांची गाणी चालू होती. पडद्यावर म्हातारे गोल बसले होते. कोणी टाळ्या वाजवत होतं, एक जण मातीच्या रांजणावर हात मारत होता. भाऊ तिथे अर्धा तास उभा राहिला. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. माझं लक्ष गेल्यावर त्याने हात खिशात घातला.

तिथून आम्ही जुन्या बाजारात वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार केरळचा होता. भावाने हिंदीत विचारलं, चामड्याचा आवाज जुळवायला काय करता? आगीवर शेकवतात, असं उत्तर आलं.

"पखवाजाला आम्ही कणीक लावतो," भाऊ म्हणाला.

दुकानदाराने ढोल त्याच्यापुढे सरकवला. "यल्ला भाई, बजाओ."

"नको."

"वाजव की," मी म्हणालो.

"माझा दुखवटा निघालेला नाही, दादा."

आमच्याकडे तेराव्याला सोयरे टोपी आणि टॉवेल आणतात. टोपी डोक्यावर घातली की दुखवटा निघतो. मग गोडधोड खायचं, वाद्याला हात लावायचा. माझी टोपी मामांनी घातली होती. दोन महिन्यांनी मी एका लग्नाच्या वरातीत होतो.

समोर चहाच्या टपरीवर आम्ही दोन करक चहा घेतले. मी म्हणालो, "इथे टोपी मिळेल. मी घालतो."

"तुझी चालत नाही. तू त्याच घरातला. सोयऱ्याची लागते." जरा थांबून म्हणाला, "लग्न झालं असतं तर सासरवाडीने आणली असती. मामांची वाट बघत होतो. म्हटलं, गावी गेलो की घालतील. तर तेही गेले."

मामांना मुलगा नव्हता, त्यांच्या जागी टोपी घालायला त्या घरात कोणी उरलं नव्हतं. गेल्या वर्षी ते वारले.

जे सांगायचं राहिलं होतं ते मी तेव्हा सांगितलं. तेराव्याला मामांनी दोन टोप्या आणल्या होत्या. एक माझी. दुसरी माझ्या हातात देऊन ते म्हणाले होते, धाकट्याला पाठव, डोक्यावर घालताना मला फोन लावायला सांग. जेवणाच्या वेळी आम्ही पाहुण्यांना मानाच्या टोप्या देत होतो, त्यात एक कमी पडली. मी धाकट्याची दिली. दुसरी आणून पाठवू असं ठरवलं आणि विसरलो. मामांनी फोनवर एकदा विचारलं, तेव्हा पाठवली असं सांगून मोकळा झालो.

"म्हणजे त्यांना वाटत होतं मी घातली."

"हो."

"आणि घालताना त्यांना फोनही केला नाही."



त्याने करकचा कागदी कप संपवला, माझाही उचलला आणि दोन्ही डब्यात टाकून आला. रागावला असता तर बोलणं सोपं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. नजमा येईपर्यंत त्याने एकच प्रश्न विचारला, टोपी कोणाला दिली. मी गावातली, भावकीतली, आईच्या माहेरची सगळी तोंडं डोळ्यांपुढे आणून पाहिली. मला आठवलं नाही.