दोघांची थाळी

घाटंजीहून पायवाटेनं निघालं की टेकडीच्या उतारावर बंजाऱ्यांचा एक तांडा लागत असे. रामसिंग आणि भावसिंग हे दोघे सख्खे भाऊ तिथं राहायचे. त्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. बापानं बैल विकून जमीन घेतली, कापूस पेरला, कुडाचं घर बांधलं. पण वाटेवरच्या दिवसांतली एक सवय घरात तशीच राहिली. भाऊ-भाऊ रात्री एकाच थाळीत जेवत.

दिवसा दोघं वेगवेगळ्या कामाला असत. रामसिंग वावरात, भावसिंग गाडीवर. दुपारची शिदोरी ज्याची त्याला. रात्री मात्र चुलीपुढं मोठी पितळी थाळी यायची. तिच्यात बाट्यांची, म्हणजे ज्वारीच्या जाड भाकऱ्यांची चळत, मधोमध तुरीचं वरण, कडेला मिरचीचा ठेचा. एक डावीकडून खायचा, एक उजवीकडून. बोलणं फार नसायचंच.

रामसिंगची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली होती, मूलही वाचलं नव्हतं. त्यानं पुन्हा घर मांडलं नाही. घरात म्हातारी आई भुरीबाई, तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नसे. आणि भावसिंगची बायको मानीबाई. रामसिंग तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. रीतीप्रमाणे ती त्याच्यासमोर तोंडावर पदर ओढून असायची आणि त्याच्याशी कधी बोलायची नाही. काही सांगायचं असलं तर सासूला सांगायची. सासू जवळ नसली तर दारातल्या गाईला सांगायची. "गाये, वावरात जाताना विळा घेऊन जा म्हणावं," असं ती मोठ्यानं म्हणे, आणि रामसिंग विळा घेऊन जाई.

होळीच्या महिन्यात या घराचा मान असे. भावसिंगच्या हातात डफ, आणि होळीची लेंगी गात नाचणाऱ्यांच्या पुढं रामसिंग. तेव्हा तो वेळूसारखा सडपातळ होता. पाठीमागून भावाचा डफ घुमला की त्याचे पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. शेजारच्या तांड्यांतून माणसं पाहायला येत.

एकोणीसशे सत्तावन्न साली तापाची साथ आली. घरोघरी माणसं आडवी झाली, बहुतेक उठलीही. भावसिंग उठला नाही. ताप छातीत उतरला आणि आठवड्याच्या आत तो गेला. त्याला आणि मानीबाईला मूलबाळ नव्हतं.

दिवस झाले, पाहुणे पांगले. त्या रात्री मानीबाईनं पहिल्यांदा चूल पेटवली. थाळी आणून रामसिंगपुढं ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थाळीत दोघांच्या बाट्या होत्या, दोघांचं वरण होतं.

रामसिंगनं थाळीकडे पाहिलं. हे जास्त झालं, असं म्हणायचं तर जास्त कोणाचं, तेही म्हणावं लागलं असतं. आणि अर्धी थाळी तिच्यापुढं परत सरकवायची त्याची छाती झाली नाही. तो डावीकडून जेवला. मग थाळी फिरवली आणि उरलेलंही खाल्लं.

दुसऱ्या रात्री तेच. पुढं मग रोजच तेच.

तांड्यातल्या लोकांनी आधी दुःखाला खातो म्हटलं, मग आळसाला खातो म्हटलं. दोन-तीन वर्षांत रामसिंगची बंडी छातीवर बसेना. धोतराच्या गाठीवर पोट उतरलं. बाजेची सुतळी त्याच्या भारानं तुटायला लागली. वावरात वाकलं की दम लागे, म्हणून वेचणीला मजूर बाया लावाव्या लागल्या. तांड्याचा चढ चढताना तो मधल्या पळसाखाली टेकायचा. डफ खुंटीवर तसाच होता. होळीत तो घरातून बाहेर निघत नसे.

एकदा आई म्हणाली, "रामा, तू येतं तवा तुह्या पायाआधी तुहा दम ऐकू येते मले. मानीले सांगू का, थाळी कमी भरत जाय म्हणून?"

"नको सांगू, याडी," तो म्हणाला. "राहू दे."

मानीबाईचा भाऊ गुलाबसिंग पुसदकडच्या एका तांड्यात राहायचा. दरवर्षी तो बहिणीला न्यायला यायचा. बंजाऱ्यांत विधवेचं पुन्हा लग्न लागतं, त्यात लाज नाही. मानीबाई तिशीच्या आतली होती. पण दरवर्षी ती नाही म्हणायची आणि गुलाबसिंग एकटा परत जायचा.

एकसष्टच्या दिवाळीनंतर तो पुन्हा आला. रामसिंग वावरातून आला होता आणि दम खाली बसावा म्हणून घरामागच्या दगडावर बसला होता. कुडाच्या भिंतीतून आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"देवीलाल चांगला माणूस हाये," गुलाबसिंग सांगत होता. "बायको मेली त्याची. एक लहान पोरगी हाये. तुह्याबद्दल त्यानं सोताहून विचारलं. आता काहून नाही म्हणून राह्यली तू?"

मानीबाईचा आवाज खाली होता. "मी गेल्यावर जेठाले कोण जेवू घालन? सासूले दिसत नाही. त्याले थाळीभर लागते, दादा. थाळीभर नाही भेटलं तर तो उपाशी राहीन. त्याले चुलीपुढं बसता येत नाही, वाकता येत नाही. असं टाकून कशी येऊ?"

रामसिंग दगडावर तसाच बसून राहिला. दम केव्हाच खाली बसला होता. इतकी वर्षं तिच्यासाठी म्हणून तो ती थाळी संपवत आला, आणि ती त्याच्यासाठी म्हणून घरात अडकून पडली होती. गुलाबसिंग त्याही वर्षी एकटाच गेला.

मग थाळीची गरजच उरू नये म्हणून रामसिंगनं खाणंच सोडलं. काळा चहा आणि पाणी. पोट बरं नाही, एवढंच आईला सांगितलं. काही दिवस रेटलं, आणि एका दुपारी कपाशीच्या ओळीत तो डोळ्यांपुढं अंधारी येऊन पडला. चार माणसांनी बाजेवर घालून घरी आणला. मानीबाई पदराआड रडत होती. त्या रात्री तिनं थाळीत रोजच्यापेक्षा जास्त वाढलं, वर गूळ-तेल घातलं, आणि भुकेनं कासावीस झालेल्या रामसिंगनं ते सगळं खाल्लं.

बाजाराच्या दिवशी तो गाडीत बसून घाटंजीला गेला. तिथं एका वयस्क डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, गुडघे दाबून पाहिले, आणि काय काय खातोस ते विचारलं. रामसिंगनं सगळं सांगितलं. थाळी कोणाची ते नाही सांगितलं.

"उपाशी मरू नको," डॉक्टर म्हणाले. "तसं केलंस तर पुन्हा दुप्पट खाशील. सकाळी काम करून ये आणि मग पोटभर जेव. दिवस मावळायच्या आत वावरातच दुसऱ्यांदा जेव. त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. रात्रीची ती थाळी बंद कर."

"तेच तर होत नाही, साहेब."

"होईल. लग्नकार्यात कधी मोडलं तर मोडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचं. घाई करायची नाही. इतक्या वर्षांचं अंग आहे, सावकाशच उतरणार." मग त्यांनी विचारलं, "आणि अंगाला हालचाल? शेतकामाचं नाही विचारत. जीव खूश होतो असं काय करत होतास तू?"

रामसिंग पायांकडे पाहत म्हणाला, "नाचत होतो."

"मग नाच की."

त्या संध्याकाळी अंगणात येऊन तो आईला, पण आत ऐकू जाईल असं म्हणाला, "याडी, दिवस बुडल्यावर मी आता जेवणार नाही. सकाळी दोन शिदोऱ्या बांधून देत जा म्हणावं."

मानीबाईनं ऐकलं. तरी रात्री थाळी आणून ठेवली, भरलेली, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रामसिंग थाळीपुढं बसला. पोटात आग पडली होती. त्यानं हात जोडले, उठला आणि अंगणात जाऊन बाजेवर पडला. आत मानीबाई रडायला लागली. भावसिंग गेला तेव्हाही ती अशी मोकळ्या गळ्यानं रडली नव्हती.

भुरीबाई चाचपडत तिच्याजवळ गेली. "पोरी, त्याले एवढी भूक कधीच नव्हती. तू वाढत होती म्हणून तो खात होता."

"मी तर तो खात होता म्हणून वाढत होती," मानीबाई म्हणाली. "अर्धी थाळी वाढायले हात धजत नव्हता, याडी. भरली थाळी असली की दोघं बसले असं वाटे."

रामसिंगनं बाहेर सगळं ऐकलं. उठून आत जावं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं. जेठाला तेही करता येत नाही.

चार-सहा दिवसांनी थाळी घासून फळीवर पालथी घातली गेली. पण खरं जड जाई ते दिवेलागणीला. घराघरातून बाट्या भाजल्याचा वास यायचा आणि पोट पिळवटायचं. घरात बसवत नसे, म्हणून तो बाहेर पडायचा. तांड्याभोवती चक्कर मारायचा, पळसाखाली बसायचा, पुन्हा चालायचा. भूक मग आपोआप निवायची.

फाल्गुन लागला. तांड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत लेंगी सुरू झाली. आता डफ तांड्यातला रामलाल नावाचा पोरगा वाजवायचा. रामसिंग अंधारात लांब उभा राहून ऐकायचा. एका रात्री त्याला स्वतःलाही न कळता त्याची टाच ताल धरायला लागली. कोणी तरी ओरडलं, "या ना गा, रामसिंगभाऊ!" तो पुढं झाला. चार पावलं टाकली आणि धापा टाकत खाली बसला. पोरं हसली. तोही हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं, कारण पाठीमागून येणारा डफ भावसिंगचा नव्हता.

तरी तो दुसऱ्या दिवशी गेला. होळी झाली, तरी रात्री भजनाला नगारा वाजायचा, तिथं तो जाई. आज थोडं, उद्या थोडं जास्त. नाचून घरी आला की घोटभर पाणी प्यायचा आणि झोपायचा. उन्हाळ्यात एका लग्नात तो मध्यरात्रीपर्यंत पंगतीत बसला आणि पुढचे काही दिवस त्याचं सगळं बिनसलं. मग पुन्हा धरलं. पेरणीपर्यंत धोतराची गाठ वर सरकली. दसऱ्याला तो वावरात वाकून निंदत होता. पुढच्या वेचणीला मजूर बाया कमी लागल्या. तांड्याचा चढ तो न टेकता चढायला लागला.

मानीबाई आता सकाळी चुलीपुढं बसून गाईला सांगायची, "गाये, पीठ कोमट पाण्यात मळावं लागते. बाटी थापताना हाताले पाणी लावावं. तवा तापला नाही तर चिकटते." रामसिंग दारात बसून ऐकायचा आणि शिकायचा. त्याच्या पहिल्या बाट्या कच्च्या राहिल्या, त्या गाईनंच खाल्ल्या.

त्या हिवाळ्यात भुरीबाईनं अंथरूण धरलं. एका पहाटे रामसिंग तिला उठवून बसवत होता. तिनं त्याच्या मनगटावरून, दंडावरून, खांद्याच्या हाडावरून हात फिरवला आणि थांबली.

"भाव्या?" ती म्हणाली. "आला का?"

रामसिंगनं तिचा हात हातात धरला. तो म्हणाला, "हो, याडी."

"जेवला का?"

"जेवलो."

त्याच आठवड्यात ती गेली.

आता घरात एक जेठ आणि एक विधवा भावजय. असं राहणं चालण्यासारखं नव्हतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. दिवस झाल्यावर रामसिंग मोटारीनं पुसदला गेला. तिथून गुलाबसिंगचा तांडा घाटाच्या वर होता. दोन वर्षांपूर्वी तो चढ त्याला जमलाच नसता. आता तो चालत गेला आणि चुलीपुढं बसलेल्या गुलाबसिंगला म्हणाला, "बहिणीले न्यायले या. मी माह्या हातानं खातो आता. देवीलाल अजून विचारते का?"

देवीलाल अजून विचारत होता.

निघण्याच्या दिवशी मानीबाईनं अंगण सारवलं. गाडी जुंपली होती, गुलाबसिंग खाली उभा होता. ती गाईजवळ गेली आणि तिच्या गळ्याला हात घातला. तोंडावर पदर होता.

"गाये," ती म्हणाली, "डेऱ्यात पीठ दळून ठेवलं हाये. डाळ वरच्या मडक्यात हाये. दुपारचं दुपारीच खाय म्हणावं, कामाच्या नादात टाळू नको म्हणावं."

रामसिंग दुसरीकडे पाहत म्हणाला, "गाये, सुखानं जाय म्हणावं."

गाडी उताराला लागली. त्या संध्याकाळी रामसिंगला पुष्कळ दिवसांनी खूप भूक लागली. फळीवरच्या थाळीकडे त्याचं दोनदा लक्ष गेलं. तो घराबाहेर पडला आणि पार घाटंजीच्या रस्त्यापर्यंत चालून आला.

पुढं त्याचं अंग पुन्हा कधी सुटलं नाही. लोक विचारत तेव्हा तो दोन वेळच्या जेवणाचं आणि नाचण्याचं सरळ सांगून टाकायचा. ऐकून लोक म्हणत, एवढंच? तो म्हणे, एवढंच. मानीबाईला मुलगा झाल्याचं त्याला बाजारात कळलं, तेव्हा त्यानं सोबतच्या माणसांना गूळ वाटला.

चौसष्टच्या होळीत तो पुन्हा लेंगीच्या पुढं होता. नाच संपल्यावर रामलाल डफ शेकत त्याच्याजवळ येऊन बसला.

"रामसिंगभाऊ, एक विचारू का? भावसिंगभाऊ मधात एक ठोका सोडून वाजवत होता म्हणते. तो कसा वाजवे? मले शिकवा ना."

रामसिंग उठला. रामलालकडे पाठ करून त्यानं पावलं टाकून दाखवली. रामलालनं तसं वाजवून पाहिलं.

"तसं नाही."

पुन्हा वाजवलं.

"नाही. तसंही नाही."

"मग कसं? हात कसा पडे त्याचा?"

रामसिंगनं वळून रामलालच्या हाताकडे पाहिलं. सगळा जन्म तो डफाच्या पुढं नाचला होता. मागं वळून भावाचा हात त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

"मले नाही माहीत गा," तो म्हणाला. "तू वाजव. तुह्या हातानं वाजव."