डॉक्टर खाली, गाडी पुढे

आता तुमच्यापासून काय लपवू, मंडळी? चूक कबूल करताना माणसाने लांबण लावू नये. मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला अँब्युलन्समधून रवाना केले आणि डॉक्टरला मागे ठेवले.

हेतू शुद्ध होता. हेतू नेहमीच शुद्ध असतो. घोटाळा हात करतात.

दादाचा संत्र्याचा बगीचा बोरगावजवळ आहे, घरही बगीच्यातच. मी पांढुर्ण्याहून देवळातला प्रसाद घेऊन पोचलो, तो दादा बांधावर आडवा! आग्या मोहोळ उठले होते. तोंड सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या, श्वास शिट्टीसारखा. वहिनींनी फोन आधीच केला होता.

गाडी आली. तीतून एक तरुण बाई उतरल्या. त्यांनी दादाच्या मांडीत तिथेच सुई टोचली, पाय उंच केले आणि घड्याळाकडे पाहत बसल्या. बसल्या! सांगा, तुम्हाला धीर धरवला असता?

"बाई, बसून काय राहिल्या? नागपूरले न्या ना त्याले!"

"काका, औषध लागू होऊ द्या. पाच मिनिटं हलवायचं नाही."

"पण डॉक्टरनं पाह्यलं पाहिजे ना!"

"मीच डॉक्टर आहे."

"मंग दवाखाना कुठी आहे तुमचा?"

"माणूस पडला तिथंच. आता याचं वेगळं शिक्षण असतं, काका. एमडी झाल्यावर मी तेच शिकले."

डॉक्टर म्हणजे खुर्ची, टेबल आणि बाहेर बाकावर आपण, एवढेच मला ठाऊक. मातीत गुडघे टेकलेला डॉक्टर पटेना. मी येरझारा घालू लागलो. नामस्मरण सुरू केले. तेही दुप्पट वेगाने होऊ लागले.

"भाऊजी, एका जागी बसा बरं," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडे पाहूनच ह्यायचा जीव घाबरून राहिला!"

अखेर दादाला गाडीत घेतले. सलाईन लागले, डॉक्टरांचा सहायक जवळ बसला. मी पुढे जाऊन ड्रायव्हरला रस्ता समजावू लागलो. त्याने पूर्वी संत्र्याचे ट्रक चालवलेले. रस्ता त्याला माझ्याहून पाठ. तरी समजावला.

तेवढ्यात डॉक्टर खाली उतरल्या होत्या. दादा रोज कोणती गोळी घेतो ते त्यांना पाहायचे होते. काही गोळ्या त्यांच्या सुईचा असर होऊच देत नाहीत. त्या वहिनींबरोबर घरात गेल्या. मला ते दिसले नाही. मी मागे आलो, तो दार उघडे आणि आत कोणाची तरी वाकलेली पाठ. अजून उशीर!

तीस वर्षे मी संत्र्यांच्या मंडीत ट्रक रवाना केले. माल भरला, फळी लागली, की मागून दोन थापा. ड्रायव्हर वळून पाहत नाही, निघतो.

मी दार लावले. दोन थापा दिल्या.

गाडी निघाली. काय निघाली! मला धन्यता वाटली. इतक्यात घरातून डॉक्टर धावत आल्या, हातात गोळ्यांची पट्टी.

"गाडी कुठंय?"

"पाठवली!" मी म्हणालो. मग त्यांच्याकडे नीट पाहिले.

"अरे बापा!" वहिनी ओरडल्या. "भाऊजी, घरधनी आहे माझा! संत्र्याची पेटी होय का?"

डॉक्टरांचा फोन पिशवीत, पिशवी गाडीत. आत सहायक मधला पत्रा बडवत होता, थांब म्हणून. जुन्या ट्रकवाल्याने त्याचा एकच अर्थ घेतला: आणखी जोरात!

ओसरीपुढे दादाची मोटारसायकल होती. डॉक्टरांनी किक मारली. वहिनींनी मला मागे ढकलले. "जा, रस्ता दाखवा! तेवढं तरी करा!"

परस्त्रीच्या मागे वाहनावर बसू नये, असे मी चारचौघांत अनेकांना सुनावले आहे. डोळे मिटून बसलो. औषध गाडीत, कोणते द्यायचे ते ज्ञान मोटारसायकलवर, आणि दोहोंमधले अंतर माझ्या दोन थापांचे. दादा गेला, तर ते कोणाच्या नावावर?

देवाने लाज राखली. रेल्वे फाटक बंद होते आणि गाडी त्यापुढे अडली होती.

डॉक्टर उडी टाकून आत शिरल्या. मागोमाग मी. दादाचे ओठ निळे पडत चालले होते. गोळ्या नेमक्या तसल्याच निघाल्या होत्या; त्यांनी दुसरे औषध काढले, शिरेतून दिले आणि पुन्हा घड्याळाकडे पाहत बसल्या. या वेळी मीही घड्याळच पाहत बसलो. मालगाडीचे डबे संपता संपेनात.

हळूहळू शिट्टी थांबली. ओठांवर रंग आला. दादाने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि सुजल्या तोंडाने काहीतरी पुटपुटला. डॉक्टरांनी कान जवळ नेला.

मी पुढे वाकलो. "काय म्हणते जी? देवाचं नाव घेते का?"

"नाही, काका. म्हणतात, 'याले खाली उतरवा.'" डॉक्टरांनी नाडी पाहिली. "शुद्ध अगदी पक्की आहे."

त्या दिवशी दादाच्या उपयोगी पडेल असे मी एकच काम केले. उतरलो.