ओळख न देणाऱ्या डॉक्टरबाई

डॉ. इंदुमती कारखानीस यांची आणि माझी पहिली भेट आमच्या दिल्लीच्या मंडळातल्या गणेशोत्सवात झाली, आणि ती मला मुळीच आवडली नाही. मी तेव्हा मंडळाचा चिटणीस होतो आणि एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसरही होतो. दोन्ही खुर्च्यांचा रुबाब एकट्याच्याच अंगात होता. आरती आटोपल्यावर मी बाईंना गाठले आणि पत्नीला पुढे केले. म्हणालो, ही सुलभा, पहाडगंजच्या बाजूला शाळेत शिकवते, तुमच्याच साताऱ्याची आहे, तुम्हा दोघींची ओळख व्हायलाच हवी. बाईंनी तिला नमस्कार केला. "अच्छा, साताऱ्याच्या का?" एवढेच विचारले आणि प्रसाद घेऊन त्या निघून गेल्या. परतताना रिक्षात मी सुलभाला म्हणालो, की मानसोपचारतज्ज्ञ झाल्या म्हणून काय झाले, बाई शिष्टच आहेत. ती रस्त्याकडे बघत राहिली.

असे वाटणारा मी एकटा नव्हतो. बाई लग्नात भेटोत, हळदीकुंकवाला भेटोत, नाहीतर भाजीबाजारात, स्वतः होऊन कुणाला ओळख देत नाहीत हे आपल्या मंडळींत सर्वांना ठाऊक होते. समोरच्याने नमस्कार केला तर त्या तेवढाच परत करीत, त्यात काडीचीही भर नसे. कार्यकारिणीच्या एका बैठकीत त्यांचे व्याख्यान ठेवायचे ठरत होते, तेव्हा मी म्हणालो, "बाईंना मन कळतं, माणसं कळत नाहीत." सगळे हसले. तो विनोद मी घरी जेवतानाही सांगितला. सुलभा वाढत होती.

आता बाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला लिहायला सांगितले आहे. बाईंचे कार्य, त्यांची मूल्ये, त्यांचा स्नेह, आणि प्रत्येकाला एखादा प्रसंग, अशी त्यांची सूचना आहे. इथेच घोडे पेंड खाते. सर्जनने वाचवलेला माणूस पोटावरची खूण दाखवत हिंडतो. बाईंनी सावरलेली माणसे आपल्यातच हिंडत असतात, पण त्यांचे प्रसंग बाईंच्या कपाटात कुलूपबंद आहेत आणि त्या कपाटाची किल्ली बाई कुणाला देत नाहीत. मला सांगता येण्यासारखा प्रसंग एकच आहे आणि तो माझ्या घरातला आहे. सुलभाच्या परवानगीने लिहितो आहे. मास्तरीणच ती, तिने हा मजकूर हातात पेन्सिल घेऊन वाचला आणि दोन वाक्ये सुधारूनही दिली.

ते दिवस दिल्ली चहूबाजूंनी वाढण्याचे होते. बाजारात रोज नवे काहीतरी यायचे, घराघरात केबल आली होती, आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फ्लॅटशिवाय दुसरा विषय नसे. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. माझी निवृत्ती जवळ आली होती, म्हणजे क्वार्टर सुटणार होते. द्वारकेला सोसायटीत आम्हाला फ्लॅट मिळाला. तेव्हा लोक त्या भागाला अजून पप्पनकलाँच म्हणत. लिफ्ट होती, दोन बाल्कन्या होत्या, डोक्यावरून विमाने जात होती. मी हरखून गेलो होतो आणि सुलभा म्हणत होती, "मला इथंच बरं." क्वार्टरमधून ती एका सहशिक्षिकेच्या गाडीतून शाळेत जाई. द्वारकेहून दोन बस बदलाव्या लागल्या असत्या आणि मेट्रो त्या वेळी फक्त कागदावर होती. मी समजावले, रागावलो, अबोला धरला. बाईमाणसाचा हट्ट, असे म्हणून मोकळा झालो.

आणखी एक गोष्ट घडत होती. दिल्लीत जन्म गेल्यामुळे आमच्या घरात हिंदी मुरलेली. सकाळी ऑफिसला निघताना मी दारातून "चलो, चलो" करीत असे. त्यावर सुलभाच्या हातून हमखास काहीतरी पडे. कधी कप, कधी बशी. मी स्टीलचे पेले आणले आणि प्रश्न सोडवल्याच्या थाटात ते मांडणीवर लावले.

व्याख्यानाचे निमंत्रण द्यायला मी एका मंगळवारी बाईंच्या सरकारी रुग्णालयात गेलो. मानसोपचार विभागाच्या व्हरांड्यात बाकावर रांग बसली होती. एक म्हातारे सरदारजी, एक कॉलेजातली मुलगी, आणि त्यांच्या मधोमध हातात नंबराची चिठ्ठी घेऊन माझी बायको. मंगळवारी शाळेत जादा तास असतात, असे तिने मला सांगितलेले. लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो ऑफिसातले कुणी बघत तर नाही ना, हा.

तेवढ्यात दार उघडून बाई बाहेर आल्या. मी जवळजवळ दरडावूनच विचारले, "बाई, ही इथं कशी?"

बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिले आणि विचारले, "कोण?"

सुलभा आमच्यापासून तीन हातांवर बसली होती. माझ्या तोंडावर कुणी इतके धडधडीत नाकारू शकते यावर माझा विश्वासच बसेना. मी काही बोलणार, तोच सुलभा उठून उभी राहिली.

"मी यांची पेशंट आहे," ती म्हणाली. "अडीच वर्षं."

तेव्हा कुठे बाई तिच्याकडे वळल्या. "सुलभाताई, यांना आत घ्यायचं?"

"घ्या. मीच सांगते."

अडीच वर्षे! म्हणजे गणेशोत्सवात मी ज्या दोघींची ओळख करून देत होतो, त्यातली एक त्याच आठवड्यात दुसरीच्या समोर बसून रडली होती. बाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा रेघही उमटली नव्हती. आणि माझा तो विनोद सुलभाने हातात भाताचे पातेले धरून ऐकला होता.

आत तिने जे सांगितले ते थोडक्यात लिहितो. सहशिक्षिकेची गाडी धरण्यापूर्वी ती बसने शाळेत जाई. एका सकाळी खासगी बस गर्दीने भरून थांब्यावर आली. सुलभाचा पाय पायरीवर होता. मागे एक अनोळखी बाई पिशवी सांभाळत उभी होती. सुलभा बाजूला झाली आणि म्हणाली, "आप पहले चढ़िए." कंडक्टरने पत्र्यावर थाप मारून आरोळी दिली, "चलो, चलो." त्या बाईंचा एकच पाय पायरीवर होता, तोच बस सुटली आणि त्या चाकाखाली गेल्या. पोलीस येईपर्यंत त्यांचे डोके सुलभाच्या मांडीवर होते. मग ती घरी आली, साडी धुतली आणि स्वयंपाक केला. रात्री आमटीत मीठ कमी आहे म्हणून मी कुरकुरलो होतो. हे तिने रागाने सांगितले नाही, त्या दिवसाचा एक तपशील म्हणून सांगितले.

मला तो दिवस आठवेना. मला फक्त स्टीलचे पेले दिसत होते. रोज सकाळी मी माझ्याच दारात उभा राहून माझ्या बायकोला त्या थांब्यावर नेऊन सोडत होतो. मला का नाही सांगितलेस, एवढेच मी विचारू शकलो. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला असता, चलो, आता विसर." आणि देवाशपथ, मी नेमके तेच म्हणालो असतो.

फाइल पुढे आली की शेरा मारायचा, ही माझी सवय. मी बाईंना विचारले, आता मी काय करू? बाई म्हणाल्या, "काही करू नका. घाई तेवढी करू नका. तुझा दोष नाही, असं यांना पटवायलाही जाऊ नका. ते त्या स्वतः म्हणतील, तेव्हा ऐकायला घरी असा."

पुढचे काम मुंगीच्या पावलांनी झाले. आधी नुसते थांब्यापर्यंत जाऊन परत यायचे. मग टर्मिनलवर उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये बसायचे. रविवारी, स्वतःच्या सुट्टीत, बाई तिथे येत. हिवाळ्याच्या उन्हात दोघी खिडकीशी बसून शेंगा खात. काय बोलत ते मला ठाऊक नाही. मला चहाच्या टपरीच्या पुढे यायची बंदी होती. एका रविवारी ती बस सुरू झाली आणि दोघींना घेऊन निघाली. मी चहा टाकून मागे धावलो, पण तोंडातून शब्द काढला नाही. पुढच्या थांब्यावर सुलभा उतरली. मला धापा टाकताना पाहून हसली आणि म्हणाली, "निघायचं?" त्या दिवसापासून आमच्या घरी निघायची वेळ ती ठरवते.

पुढच्या दिवाळीच्या आधी आम्ही द्वारकेला राहायला आलो. सगळे काही पुसले गेले असे नाही. बसमध्ये चढताना ती अजूनही मागे वळून बघते, मागचा माणूस आत आला की मगच बसते. पण एका संध्याकाळी बाल्कनीत मटार सोलता सोलता ती सहज म्हणाली, "मी त्यांना मान दिला होता हो. ढकललं नव्हतं." मी घरी होतो. मी ऐकले. मटाराचा एक दाणाही मला दिसत नव्हता.

मी बाईंची माफी मागायला गेलो, तेव्हा ओळख न देण्याचे कारण विचारले. त्या म्हणाल्या, "मी आधी हसले, की शेजारचा विचारतो, तुमची यांच्याशी कशी ओळख? त्या बिचाऱ्यानं काय सांगायचं?" एवढ्यासाठी या बाईंनी इतकी वर्षे आपल्या माणसांत शिष्ट म्हणवून घेतले! मंडळाच्या कार्यक्रमात मी आता खुर्च्यांवरून नजर फिरवतो आणि अजूनही हादरतो. यातल्या कितीजणांना त्यांनी हात दिला असेल, कुणास ठाऊक. मला ते कधीच कळणार नाही, आणि तेच योग्य आहे.

बाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो आणि ते निरोगी असो. आमच्या वाट्याचे बोल खूप ऐकलेत, आता थोडा आराम करा, सुट्टीच्या दिवशी निदान स्वतःसाठी शेंगा खा. समारंभाला आम्ही द्वारकेहून येणार आहोत. आता मेट्रो दाराशी आली आहे, पण सुलभा बसनेच यायचे म्हणते आहे. सभागृहाच्या दारात, सगळ्यांच्या देखत, ती तुम्हाला आधी नमस्कार करणार आहे. या वेळी तिला साताऱ्याच्या का, असे विचारू नका.