दादाच्या आवाजाचे नऊ ट्रॅक

माझं लिखाण माणसं वाचत नाहीत. हा विनय नाही, नोकरीच तशी आहे. गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर माणसाऐवजी एआय एजंटने चालवावं, म्हणून एक परदेशी कंपनी टूल्स बनवते. एक टूल ट्रॅक उघडतं, एक आवाज कमीजास्त करतं, एक नको ते पुसतं. कुठलं टूल काय करतं आणि कधी वापरायचं, हे दोन-तीन वाक्यांत लिहायचं काम माझं. एजंट ती वाक्यं वाचतो आणि तसंच वागतो. सांगकाम्या, ओ नाम्या. मलकापुरात घरी बसून हे करतो म्हटलं की लोक विचारतात, "म्हंजे नेमकं काय करून राह्यला बे तू?" मी "टायपिंग" म्हणतो आणि विषय मिटवतो.

माझा थोरला भाऊ गाणारा. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून त्याने स्टुडिओ केला होता. रोहिणखेडपासून लोणारपर्यंत जयंतीच्या स्टेजवर त्याची गाणी वाजत. घशाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला तीन आठवडे होते. तेवढ्यात दादाने नऊ गाणी एकाच फाइलमध्ये गाऊन ठेवली, एका गाण्याचा एक ट्रॅक, नुसता आवाज. ढोलकी, बेंजो, कोरस मागाहून भरू म्हणाला. खोकला आला की थांबायचा, कोमट पाणी प्यायचा आणि पुन्हा तीच ओळ धरायचा. वहिनी दाराआड उभी राहून ऐकायची. मला ते सोसवत नसे, मी माझ्या खोलीत हेडफोन लावून बसायचो.

ऑपरेशननंतर तो पुन्हा कामाला बसला. पण ढोलकी भरताना स्वतःच्या आवाजाचे नऊही ट्रॅक बंद करून ठेवायचा. मी कारण विचारलं, तर मोबाइलवर टाइप करून दाखवलं, "ऐकवत नाई." ओळी तोंडपाठच होत्या, त्या मनात म्हणत तो ठेका बसवायचा. हे मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

आमच्या कंपनीच्या टूल्सवर चालणारा एजंट त्याच्याकडे मीच आणला. मानेला टाके, माऊस धरून वाकून बसणं जड जायचं, आणि याला नुसतं टाइप करून सांगितलं की भागतं. खोटं कशाला बोलू, थोडी फुशारकीही होती. दादाला वाटावं की आपला धाकटाही गाण्यातलं काहीतरी करतो. पहिले काही दिवस बरे गेले. कोरस मागे घे, ढोलकी वर आण, असं तो टाइप करायचा आणि पडद्यावर आपोआप व्हायचं. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदा हसला तो तेव्हा.

मग एका दुपारी त्याने टाइप केलं, लय पसारा झाला, जे नको ते काढ अन् फाइल साफ कर. एजंटने पुसायचं टूल उचललं. त्या टूलसाठी मी लिहिलं होतं की बंद ठेवलेले ट्रॅक सहसा वापरात नसतात, ते त्यांच्या फाइल्ससकट काढले की प्रोजेक्ट हलका होतो. एजंटने दादाच्या आवाजाचे नऊही बंद ट्रॅक काढले, डिस्कवरच्या फाइल्स पुसल्या, प्रोजेक्ट सेव्ह केला आणि काम पूर्ण झाल्याचं कळवलं.

दादाला हाक मारता येत नव्हती. टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला म्हणून मी धावलो. वहिनी कणकेच्या हातांनी आली. मागे फिरवायची सगळी बटणं दाबून झाली. दुसरी प्रत नव्हती. पेनड्राइव्हवर करून ठेवतो असं मीच म्हटलं होतं आणि आज-उद्या करत राहिलो होतो. डिस्क घेऊन बुलढाण्याला गेलो, तिथून अकोल्याला. अकोल्याच्या माणसाने चार दिवस खटपट केली. त्याच्या हाती लागलं ते एवढंच, कुठल्याशा ओळीतला अर्धा शब्द, पाणी पिण्याचा आवाज आणि खोकला.

दादाने ते तीनदा ऐकलं. मग मोबाइलवर काहीतरी टाइप करून माझ्यापुढे धरलं.

"त्यानं मले काऊन नाई इचारलं?"

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. पुसण्याआधी मालकाला विचारावं, हे वाक्य मी लिहिलं होतं. पहिल्या मसुद्यात ते अजून आहे. कंपनीतून कोणीतरी शेरा मारला, एजंट सारखा विचारत बसतो, वापरणारा कंटाळतो, तेवढं काढा. मी वाद घातला नाही. नोकरीत नवा होतो, आणि खरं तर मला काही वाटलंही नाही. वाक्य निवडलं आणि काढून टाकलं.

"मशीनच हाय ते, दादा," मी म्हणालो. "चुकते कवा कवा."

त्याने मान हलवली. मग जवळ येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याला वाटलं, त्याच्यापेक्षा मलाच जास्त लागलंय.