दोन टक्क्यांवर अठ्ठावीस किलोमीटर

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. बाबांनी आम्हाला वाढवलंच तसं — नवस नाही, अंगारा नाही, दगडाला शेंदूर नाही. तेव्हा 'काहीतरी असतंच हो' अशी कमेंट टाकणाऱ्यांनी जरा दम धरावा.

माझी इलेक्ट्रिक गाडी सेकंडहँड, हैदराबाद पासिंगची. नागपुरात चौकाचौकात पोलीस अडवतात, "मॅडम, कहां से?" मागच्या उन्हाळ्यात तीच घेऊन कुरखेड्याजवळच्या आमच्या गावी गेले. बाबांचं डायलिसिस गडचिरोलीला असतं. आधीची एक पाळी हुकलेली, पाय सुजलेले, धाप लागत होती. ही पाळी चुकवून चालणारच नव्हतं. बसचा विषय निघाला तेव्हा मीच ऐटीत म्हणाले, "बस कशाला? माझी गाडी आहे ना!"

रात्री गाडी चार्जिंगला लावली. सकाळी बघते तर बावीस टक्के!

"वायर गरम लागून राह्यली होती, म्हनून बटन बंद केलं," बाबा म्हणाले. आमच्या घरी झोपताना सगळी बटनं बंद करतात, मीच विसरले होते. बस तर केव्हाच गेली होती. एसी बंद ठेवून, हळूहळू निघालो.

जंगलातल्या एका वळणावर दोन टक्के दिसले... आणि गाडी थांबली. फोनला रेंज नाही. तिथे रस्त्याकडेला डहाळ्यांचा ढीग आहे. वाट सुखरूप पार पडावी म्हणून जाणारा-येणारा तिथल्या देवाला एक डहाळी टाकतो नि पुढे जातो. मोहफुलं वेचणारी एक गोंड बाई आमची नंबरप्लेट बघून हिंदीत बोलायला लागली.

"मी इथलीच हो बाई!" मी म्हटलं.

"इथलीच हायस, मंग डहाळी काऊन नाई टाकली?"

त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी, मी हसत नाही. पण मागच्या सीटवरून बाबा धापा टाकत म्हणाले, "टाकून दे पोरी... मले दम निघून नाई राह्यला."

माझे बाबा! मला रडू फुटलं आणि संतापही आला.

खोटं कशाला सांगू, मी डहाळी उचलली. ढिगासमोर उभी राहून ओरडले, "नाई टाकत! माह्या बापाले जाऊ द्याचं असंल तं असंच जाऊ दे!" आणि ती रस्त्यापलीकडे भिरकावली.

परत आले तर बाबांना ग्लानी आलेली, हाकेला ओ नाही. स्टार्ट दाबलं. गाडी निघाली.

हॉस्पिटलच्या गेटपर्यंत अठ्ठावीस किलोमीटर. आकडा दोनवरून हलला नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "थांबल्यावर बॅटरी थोडी सावरते मॅडम, पण किलोमीटर-दोन किलोमीटर."

मशीनवर घेतल्यावर तासाभरानं बाबांचा श्वास ठिकाणावर आला. त्यांनी डोळे उघडून पहिलं विचारलं, "टाकली का?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "बरं केलं."

डहाळी टाकली असती तर तुम्ही म्हणाला असता, देव पावला. मी काहीच दिलं नाही, उलट भांडले. तरी बाबा वेळेत पोचले. कसे, ते मला अजून कळलेलं नाही.