राग खात्याला आला

सेरेकुंडाच्या बाजारात माझं शिवणयंत्र आणि कावसू सान्यांगचं टेबल एकाच पत्र्याखाली. मी कपडा कापतो, कावसू शिव्या कापतो.

त्याचं असं, की आमच्या बांजुलला आफ्रिकेतल्या सरकारांविरुद्धची गाऱ्हाणी ऐकणारा मानवाधिकार आयोग बसतो. अर्ज कुणीही करावा. पण आधी आपल्या देशातली कोर्टं झिजवून यायचं, आणि अर्जात सरकारला शिवी घालायची नाही. शिवीगाळ दिसली की एवढ्यावरूनच अर्ज निकालात निघू शकतो. आणि माणसं तर घरून निघतानाच शिव्या घेऊन निघतात. कावसू सगळं ऐकून घेतो, लाल पेन काढतो आणि 'दरोडेखोर'च्या जागी 'संबंधित अधिकारी' लिहितो. वीस वर्षांत त्याचा एक अर्ज भाषेपायी गेला नव्हता. हे तो चहाच्या तिसऱ्या फेरीला न चुकता ऐकवायचा.

तेनिंग फाये त्याच्याकडं आली ती भावासाठी. बाई बोंगा मासळी धुरावून विकणारी, अंगाला धुराचा वास कायमचा. तिच्या भावाला, जेगानला, पोलिसांनी किनाऱ्यावरच्या एका भांडणात उचलला त्याला तीन वर्षं झाली होती. खटला नाही, तारीख नाही. वरच्या कोर्टानं त्याला हजर करा म्हणून सांगितलं, तर खात्यानं कळवलं की कागद शोधतोय. अजून शोधतच होते.

कावसू जोला, तेनिंग सेरेर. या दोन जमातींचं नातंच असं, की भेटलं की एकमेकांना गुलाम, भातखाऊ म्हणायचं, दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचं आणि रागवायचं नाही. जो रागावतो त्याला गाव हसतं.

"ए गुलामा, सरक. मालकीण आलीय, बसाया दे," तेनिंग म्हणाली.

"बस की. माझी गुलामीण उभी ऱ्हायली तर लोक मला नावं ठेवतील," कावसू म्हणाला, आणि कोरा कागद घेतला.

दुपारभर ती सांगत होती. कावसूनं चोर कापला, लांडगा कापला, खात्याच्या साहेबांच्या आयांबद्दलचं सगळं कापलं. अर्ज वाचून दाखवला. बाईनं अंगठा दिला. अर्ज गेला, आयोगानं नोंदवून घेतला आणि सरकारला म्हणणं विचारलं.

सात महिन्यांनी सरकारचं उत्तर आलं. जेगानबद्दल त्यात अक्षर नव्हतं. एवढंच होतं, की अर्जाच्या दुसऱ्या पानावर खात्याच्या सचिवांना 'आमचा भातखाऊ गुलाम जार्जू' असं म्हटलंय. ही शासनाची मानहानी आहे, सबब अर्ज फेटाळावा.

कावसूनं दुसरं पान काढलं. होतं. त्याच्याच अक्षरात.

"आरं, वाचलं न्हाईस व्हय?" मी म्हणालो.

"धा येळा वाचलं," कावसू म्हणाला. "जार्जू जोला हाय. ही सेरेर. मला त्यात शिवीच दिसंना."

त्या दिवशी त्यानं चहाची एकच फेरी घेतली.

तेनिंगला सांगितलं, तर ती उलट त्याच्यावरच उखडली. "मग काय लिवायचं हुतं? जार्जूसाहेब म्हनून? त्याला वाटलं असतं, ही बाई खरंच चिडलीय!"

"बये, तुझ्या भावाचा अर्ज जातोय."

"तर मग त्यालाच इचारू या. उद्या त्याच्या नातवाचं बारसं हाय."

"आवतण हाय का आपल्याला?"

"गुलामाच्या घरी जायला मालकाला आवतण लागतं व्हय रं?"

गेलो तिघं. मंडपात साहेब लोक बसलेले, बोकड शिजत होता. तेनिंग सरळ जार्जूपुढं जाऊन उभी राहिली. "ए भातखाऊ! मालकाला न इचारता नातवाचं नाव ठेवतोस?"

जार्जू पोट धरून हसला. "ही बघा आली माझी पळालेली गुलामीण! हिला आधी वाढा रे, न्हाईतर भांडी घेऊन जाईल."

वाढलं. तिनं त्याच्या ताटातला मटणाचा मोठा तुकडा उचलला, त्यानं उचलू दिला. मग कावसू पुढं झाला.

"साहेब, राग आला का?"

"कशाचा?"

"ही गुलाम म्हणाली त्याचा."

"खुळा का काय? हिचा बाप माझ्या बापाला म्हणायचा."

कावसूनं खात्याचं उत्तर त्याच्या हातात दिलं. "मग ह्याच्याखाली सही कुणाची?"

जार्जूनं चष्मा लावला, वाचलं. "सही माझी हाय. राग खात्याला आलाय."

"तुम्हाला न्हाई आला, एवढंच लिहून द्या."

जार्जूनं चष्मा काढून खिशात घातला. तेनिंग हाडूक चोखत म्हणाली, "दे रं. बारशाला आलेल्या सेरेराला जोलानं न्हाई म्हटल्याचं ऐकलंय का कुणी?"

कुणी ऐकलं नव्हतं. जार्जूनं कागद मागवला आणि लिहिलं, की तेनिंग फाये मला आजही गुलाम म्हणाली, मीही तिला म्हणालो, दोघांनाही वाईट वाटलं नाही. खाली नाव घातलं, हुद्दा घातला नाही.

कावसूनं त्याला आपला जबाब जोडला. मी जोला आहे, शिव्या खोडणं हा माझा धंदा आहे, आणि यात मला शिवी दिसली नाही.

वर्षभरानं आयोगाचं पत्र आलं. शब्द रिवाजातला आहे, अपमान नाही. देशातल्या कोर्टात विनाकारण उशीर झालेला आहे, तेव्हा ती झिजवायची अट इथं लागू नाही. अर्ज सुनावणीला घेतला आहे. जेगानला का कोंडलं ते सरकारनं अमुक मुदतीत सांगावं.

"म्हंजे सुटला?" तेनिंगनं विचारलं.

"न्हाई. म्हंजे आता खरं भांडण सुरू."

मुदतीला चार दिवस राहिले असताना जेगानला मागच्या दारानं सोडला. हातात कागद नाही, पायात दुसऱ्याच कुणाच्या चपला. तो घरी येऊन जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी खात्याचा कारकून छापील कागद घेऊन हजर. गाऱ्हाणं मिटलं, अर्ज मागं घेते, इथं अंगठा.

तेनिंगनं शाईची डबी झाकली. "त्याला पाच वर्सं कशापायी ठेवला, तेवढं एका वळीत लिवून दे. मग देते अंगठा."

"तो अधिकार मला नाही, बाई."

"मग ज्याला हाय त्याला धाड."

कारकून गेला. अजून कुणी आलेलं नाही. अर्ज बांजुलला चालू आहे.