धोंड्याच्या महिन्यातली लेक

परतूरजवळच्या एका खेड्यात विष्णूचं जुनं देऊळ आहे. एरवी तिथं पुजाऱ्याशिवाय कुणी फिरकत नाही. तीन वर्षांतून एकदा धोंड्याचा महिना आला, की मात्र महिनाभर यात्रा भरते. लोक तेहतीस अनारशांचं वाण घेऊन येतात. मी तेव्हा नुकतीच तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. सुट्टीच्या दिवशी मंडपात यात्रेकरूंना पाणी द्यायला उभी राहायची.

एका दुपारी "घ्या आई, पाणी घ्या," म्हणून मी तांब्या पुढं केला, तर एका म्हातारीनं माझं मनगटच धरलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"आलीस का गं माय? सहा धोंडे झाले, तुला हुडकून राह्यले."

सोबतचा तिचा मुलगा माझ्या कानाशी वाकला. "माझी बहीण लहानपणी इथंच गर्दीत हरवली, ताई. तवापासून आई दर धोंड्याला येती. फक्त हो म्हणा. तिच्या जिवाला बरं वाटंल."

मी म्हटलं, "हो आई, आले."

ती रडली नाही. माझ्या बोटांवरून हात फिरवत राहिली. "मंग घरी कधी येतीस?"

"येते की."

रांग पुढं सरकली आणि ती गेली.

पुढची तीन वर्षं त्या शब्दानं माझी पाठ सोडली नाही. हजेरीला एखाद्या मुलीनं "आले बाई" म्हटलं तरी मनगट गार पडायचं. पुढच्या धोंड्याला खरं सांगून पाया पडायचं ठरवलं आणि रोज मंडपात थांबले. एके दिवशी तो मुलगा दिसला. एकटाच.

"आई न्हाई आली. म्हणती, लेक सापडली, आता कशाला हुडकायचं? घरी वाट बघून राह्यली."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्याच्याकडून पत्ता घेतला आणि त्या रविवारी गाड्या बदलत मी त्यांच्या गावी, हसनाबादला गेले. म्हातारी ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून बसली होती. मी तिचा हात धरून म्हणाले, "आई, मी आले."

तिनं माझी बोटं चाचपली. मग हलकेच सोडली.

"कोण का असंना, बसा माय. माझी लेक येणार हाय. तिला भेटूनच जा."

खरं सांगायला आले होते; तिच्याशेजारी ओसरीवर बसले. सुनेनं चहा आणला, तो निवून गेला. रस्त्यावर पाऊल वाजलं, की म्हातारी मान वर करायची. थोड्या वेळानं मीही करू लागले.